टिळकांचा राजीनामा आणि त्यानंतरची संस्था

सोसायटी असो की शाळा, 25 वर्षांच्या वाटचालीत राजीनामे येतातच. सेक्रेटरी पद सोडतात, मॅनेजर दुसरीकडे जातो, जुना वॉचमन गावी परततो. चार दिवस जिन्यात चर्चा होते आणि मग खरा प्रश्न उभा राहतो : आता हे काम करणार कोण? पुण्यातल्या एका संस्थेने हा प्रश्न कसा सोडवला, ते रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने आठवण्यासारखं आहे.

जानेवारी 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी आणि लवकरच आगरकर व वामन शिवराम आपटे अशी ही मंडळी. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. संस्थेचा कणा म्हणजे आजीव सभासद. तुटपुंजा पगार घ्यायचा, 20 वर्षं शिकवायचं आणि कारभारही आपणच पाहायचा.

भांडण पेटलं ते याच नियमावरून. आजीव सभासदाने सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरचं काम आणि बाहेरची कमाई नको, असं टिळकांचं म्हणणं. इतरांना संसार होते, सार्वजनिक कामाची ओढही होती. त्यात आगरकरांशी सामाजिक सुधारणेवरून मतभेद झालेलेच होते. 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि ते टिळकांकडे आलं. पुढे 1890 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा वाद टोकाला गेला. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. तो दोन ओळींचा नव्हता. संस्थेचा सगळा इतिहास आणि आपली बाजू त्यांनी त्यात सविस्तर मांडली. आयुष्याचं ध्येय सोडतानाचं दुःखही त्यात लपलेलं नाही.

गणिताचा इतका मोठा प्राध्यापक गेला. 1892 मध्ये प्राचार्य आपटे वारले. त्यांच्या जागी आलेले आगरकर 1895 मध्ये गेले. पाच वर्षांत तीन खांब पडले, तरी कॉलेज बंद पडलं नाही. आगरकरांनंतर महादेव शिवराम गोळे प्राचार्य झाले. गोखल्यांनी चिटणिसाचं काम उचललं, इमारतीसाठी वर्गणी गोळा केली आणि वेगवेगळ्या काळात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असं जे पडेल ते शिकवलं. ज्या आजीव सभासदांच्या शिस्तीसाठी टिळक भांडले, त्याच पद्धतीमुळे कोणतंही काम एकाच माणसावर अडून राहिलं नाही.

पुढच्या माणसाची तयारीही आधीच चालू होती. फर्ग्युसनचाच विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेला आणि 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. मोठ्या सरकारी नोकरीची वाट मोकळी असूनही तो तुटपुंज्या पगारावर परत आला. 1902 मध्ये गोखले निरोप घेऊन सार्वजनिक कामाकडे वळले आणि त्याच वर्षी परांजपे प्राचार्य झाले.

जाणाऱ्याचंही काही कर्तव्य असतं. टिळकांनी समोर दुसरं कॉलेज काढलं नाही. ‘केसरी’, ‘मराठा’ आणि कायद्याचा वर्ग यांत ते रमले. आगरकर गेले तेव्हा त्यांनी ‘केसरी’त गहिवरून लिहिलं. 1915 मध्ये गोखल्यांच्या अंत्यविधीला ते सिंहगडावरून आले आणि इतक्या वर्षांच्या राजकीय वैरानंतरही चितेपाशी त्यांचा गौरव करून बोलले.

आपल्या सोसायटीचा पसारा लहान आहे, पण गोष्ट तीच. राजीनामा आला की आधी कारण नीट ऐकावं, फायलीला लावावं. दप्तर, चाव्या, हिशेब रीतसर ताब्यात घ्यावेत. तरुण सभासदांना कमिटीच्या कामाची सवय आधीपासूनच लावावी. आणि पद सोडलेला शेजारी जिन्यात भेटला, तर त्याला चहाला बोलवायला विसरू नये.