चादरीखालचं भूत

हॅलोविनसाठी सगळ्यात स्वस्त वेश कोणता? जुनी पांढरी चादर घ्या, डोळ्यांच्या जागी दोन भोकं पाडा, अंगावर ओढा, झालं भूत! आमच्या ऑफिसात अमेरिकन क्लायंटमुळे ऑक्टोबरअखेरीस हा सण साजरा होतो आणि दरवर्षी कुणी ना कुणी चादर गुंडाळून येतंच. पण भुताला चादरच का? घोंगडी का नाही, कोट का नाही? मी शोधत गेलो, तर चादरीखालून बराच इतिहास निघाला.

ती मुळात चादर नाहीच, कफन आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गरिबाला शवपेटी परवडत नसे. अनेक गावांत चर्चची एक सामायिक पेटी असायची. तिच्यातून मृतदेह थडग्यापर्यंत न्यायचा, नुसत्या कापडात पुरायचा आणि पेटी पुढच्यासाठी परत आणायची. कापडाला डोक्याशी आणि पायाशी गाठ. मेलेला माणूस परत आलाच, तर ज्या कपड्यात पुरला त्याच कपड्यात येणार, हा साधा हिशोब. १६६६पासून तर कायदेच झाले, की कफन इंग्लिश लोकरीचंच हवं, नाहीतर ५ पौंड दंड. हेतू अर्थातच लोकरीचा धंदा वाचवण्याचा. हे कायदे १८१४मध्ये रद्द झाले. म्हणजे भुतांचा ड्रेसकोड काही काळ चक्क संसदेनं ठरवला होता!

कफन आणि चादर दिसायला सारखीच, त्यामुळे भूत बनणं कुणालाही परवडू लागलं. १८०३च्या अखेरीस लंडनजवळच्या हॅमरस्मिथमध्ये पांढऱ्या भुताची दहशत पसरली. लोक हत्यारं घेऊन गस्त घालू लागले. ३ जानेवारी १८०४च्या रात्री फ्रान्सिस स्मिथ नावाच्या गस्तकऱ्यानं एका पांढऱ्या आकृतीवर गोळी झाडली. तो होता थॉमस मिलवुड, गवंडीकाम करणारा. त्या धंद्यातले लोक पांढरेच कपडे घालत. याआधीही त्याला कुणीतरी भूत समजलं होतं, म्हणून वरून कोट घाल असं घरच्यांनी त्याला बजावलं होतं. स्मिथला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे वर्षभराच्या सक्तमजुरीवर आली. मग जॉन ग्रॅहम नावाच्या म्हाताऱ्या चांभारानं कबूल केलं, की चादर पांघरून मीच फिरत होतो. त्याच्या हाताखालची पोरं त्याच्या मुलांना भुताच्या गोष्टी सांगून घाबरवत, त्यांना अद्दल घडवायची होती. चादर त्याची, मेला मिलवुड.

अमेरिकेत याच कापडाचा वापर ठरवून, क्रूरपणे झाला. यादवी युद्धानंतर टेनेसी राज्यातल्या पुलास्की गावात हरलेल्या बाजूच्या सैनिकांनी कू क्लक्स क्लॅन काढली. हे लोक घरी शिवलेले नाना तऱ्हेचे झगे आणि मुखवटे घालून रात्री कृष्णवर्णीयांच्या दारात जात आणि ‘आम्ही युद्धात मेलेल्यांची भुतं’ असं सांगत. गुलामीतून सुटलेली माणसं भुताला घाबरतात, अशी त्यांची समजूत. पण १८७१मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे झालेल्या साक्षी वेगळंच सांगतात. लोकांनी हल्लेखोरांना आवाजावरून ओळखलं होतं, घोड्यांवरून ओळखलं होतं. भीती खरी होती, पण ती भुताची नव्हती. मुखवट्यामागच्या शेजाऱ्याची होती. आज डोळ्यांसमोर येतो तो पांढरा, टोकदार टोपीचा गणवेश १९१५च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या सिनेमानंतर रूढ झाला.

हॅलोविनचं भूत या सगळ्याच्या शेजारूनच चालत आलं. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये त्या रात्री जुने कपडे घालून, चेहरे झाकून घरोघरी फिरायची प्रथा होती. ती स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. पुढे मुलांसाठी प्लॅस्टिकचे तयार मुखवटे दुकानांत आले, तरी चादर टिकली. १९६६च्या हॅलोविन कार्टूनमधला चार्ली ब्राऊन आठवा, त्याच्या चादरीला नको तितकी भोकं पडलेली. १९८२च्या ‘ई.टी.’मध्ये परग्रहावरच्या पाहुण्याला लपवायला चादरच कामी आली. मोठी माणसंही मागे राहिली नाहीत. मुखवटे बनवणाऱ्या राल्फ ली यांनी १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये घरगुती वेशांची मिरवणूक सुरू केली, ती नंतर प्रचंड वाढली.

तुम्हाला करायचं असेल तर डबलबेडची साधी चादर घ्या, इलॅस्टिकवाली नको. आत जुनी कॅप घाला आणि चादर तिला दोन टाक्यांनी जोडा, म्हणजे भोकं डोळ्यांवरून सरकत नाहीत. खुणा चादर अंगावर असताना करा, कापा मात्र काढून ठेवल्यावर. कड घोट्याच्या वर ठेवा, मेणबत्तीपासून लांब राहा. अंधाऱ्या रस्त्यावर जाणार असाल तर हातात टॉर्च असू द्या.

आणि डोकं गोलच ठेवा, टोक काढू नका. एवढा एक फरक सोडला तर कापड तेच, पण त्या टोकाला घाबरून जगलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं आजही आहेत. भूत ओळखू यावं, पण खाली माणूस आहे हेही समोरच्याला कळावं. मिलवुडच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.