ह्लेबिनेच्या काचेवरची चित्रं

क्रोएशियातल्या ह्लेबिने गावचा शेतकरी चित्रकार इव्हान गेनेरालिच (1914–1992) जेमतेम प्राथमिक शाळा शिकला. त्याला ‘स्वयंशिक्षित’ म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो. 1930 साली झाग्रेबचा चित्रकार क्रस्तो हेगेदूशिच याने त्याची चित्रं पाहिली, त्याला मार्गदर्शन केलं आणि पुढच्याच वर्षी ‘झेमल्या’ या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात ती मांडली. मग गुरू होताच की! आक्षेप खरा आहे, पण अपुरा. हेगेदूशिचने काचेवरच्या चित्रणाची वाट दाखवली, हे मान्य. पण काचेवरच्या संतप्रतिमा त्या भागातल्या घरांतून आधीपासून होत्याच. शिवाय या तंत्रात सगळा क्रम उलटा असतो. चित्र काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं, डोळ्यातली चमक आधी, चेहरा नंतर, आभाळ सर्वांत शेवटी. एकदा झाकलेला तपशील बदलणं अवघड. हा हिशेब हाताच्या सरावानेच मुरतो, सांगून नव्हे.

विषयांकडे पाहिलं की त्याचं स्वतंत्रपण अधिकच पटतं. तीसच्या दशकात त्याने शेतकऱ्यांचं दारिद्र्य आणि करापायी होणाऱ्या जप्त्या रंगवल्या. त्यांत गटाच्या डाव्या विचारांचा ठसा आहे, हे नाकारता येत नाही. पण 1935 मध्ये सरकारने ‘झेमल्या’वर बंदी घातली, तरी त्याचा कुंचला थांबला नाही. 1959 च्या ‘हरणांचं लग्न’मधलं स्वप्नवत रान कुठल्याही जाहीरनाम्यात बसणारं नाही. ते त्याने स्वतः कमावलं होतं. पुढे त्याचा मुलगा योसिप आणि गावातले इतर शेतकरीही काचेवर रंगवू लागले.