चित्रपोस्टकार्ड : भावनांच्या इतिहासाचे दुर्लक्षित साधन
(जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, शिलालेख व नाणी डोळ्यांसमोर येतात. सामान्य माणसाचे प्रेम, विरह व शुभेच्छा यांची नोंद त्यांत क्वचितच आढळते. विसाव्या शतकाच्या प्रारंभीची फ्रेंच भावचित्रांची पोस्टकार्डे ही उणीव काही अंशी भरून काढतात. या कार्डांचे साधनमूल्य व त्यातून आदिवासी भागातील अभ्यासकाने घ्यावयाचा बोध, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
पोस्टकार्ड प्रथम १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. भारतात ते १८७९ मध्ये पाव आण्यास मिळू लागले. आरंभी कार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखीव असल्याने मजकूर चित्राच्या कडेला लिहावा लागे. १९०२ मध्ये इंग्लंडने व त्यानंतर लवकरच फ्रान्सने ती बाजू पत्ता व मजकूर यांत विभागली. चित्राला पूर्ण बाजू मिळाली आणि चित्रपोस्टकार्डांचा प्रसार झपाट्याने झाला. छायाचित्रणगृहात उभे केलेले युगुल, हातातील पुष्पगुच्छ, हाताने भरलेले रंग ही फ्रेंच कार्डांची ओळख होय. पहिल्या महायुद्धात रेशमी भरतकामाची कार्डे सैनिकांनी घरी पाठविली. याच भूमीवर, नव शापेल येथे, ऑक्टोबर १९१४ मध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या लढल्या. भारतीय सैनिकांची पत्रे अभ्यवेक्षणातून जात. त्यांचे अनुवादित उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

विवेचन :
महाराष्ट्रातही ही कला रुजली. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याची कार्डे निघाली, म. वि. धुरंधर (१८६७-१९४४) यांनी मुंबईतील स्त्रीपुरुष कार्डांवर रेखाटले. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. फ्रेंच कार्डातील युगुलही अनामच; परंतु पाहणाऱ्याने त्यात स्वतःस पाहावे, ही अपेक्षा असे. भारतविषयक अनेक कार्डांतील माणूस मात्र जातीचा अथवा धंद्याचा 'नमुना' म्हणून येतो. त्याला वेश आहे, मन नाही.

संग्राहकाचा ओढा बहुधा स्वच्छ, न वापरलेल्या कार्डाकडे असतो. अभ्यासकाला मात्र मागील बाजू हवी असते : टपालशिक्का, पत्ता व हस्ताक्षर. एका कुटुंबाचा संग्रह फोडून सुटी कार्डे विकली गेली की चित्रे वाचतात, पण नाते नष्ट होते.

जव्हार-मोखाड्यातील वारली घरांत विवाहभावनेचे चित्र कागदावर नव्हे, भिंतीवर अवतरले. सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते व धवलेरी गीते गाते. हे चित्र पाठविण्यासाठी नसून त्या घरासाठी, त्या लग्नापुरते असते. जिव्या सोमा म्हशे (१९३४-२०१८) यांच्यासारख्या कलावंतांमुळे १९७० च्या दशकापासून वारली चित्र कागदावर आले व शुभेच्छापत्रांवरही पोहोचले. तथापि धवलेरीचा स्वर व लिहिणाऱ्या स्त्रीचे नाव बहुधा मागेच राहिले. भिंतीच्या चित्रालाही अशी 'मागील बाजू' आहे, हे विसरता कामा नये.

निष्कर्ष :
जे कागदावर टिकले त्याचाच इतिहास लिहिला गेला, तर ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांना भावना नव्हत्या असा आभास निर्माण होतो. म्हणून महाविद्यालयांनी स्थानिक संग्रह उभारताना चित्राबरोबर ते कोणी, कोणासाठी व कोणत्या प्रसंगी काढले, याची नोंद त्या स्त्रियांच्या संमतीने व त्यांच्याच शब्दांत करावी. विद्यार्थी त्याच घरांतील असल्याने हे कार्य ते अधिक विश्वासाने करू शकतील.