सावलीचा परवाना

हज 2024 : घटनाक्रम

जूनचा पहिला आठवडा
सौदी हवामान केंद्राचा अंदाज जाहीर होतो. हजच्या दिवसांत मक्का आणि मदिनेत तापमान सरासरीपेक्षा दीड ते दोन अंशांनी जास्त राहील.

2 जूनपासून परवान्याशिवाय हज करताना सापडणाऱ्याला 10,000 रियाल दंड लागू होतो. पोलिस तीन लाखांहून अधिक बिनपरवाना लोकांना मक्केबाहेर काढतात.

तरीही हजारो जण मागे राहतात. देशांचा कोटा ठरलेला आणि अधिकृत पॅकेज महाग. इजिप्त, जॉर्डन अशा देशांतल्या काही एजंटांनी अनेकांना भेटीचा किंवा पर्यटनाचा व्हिसा काढून दिलेला असतो. त्यावर सौदी अरेबियात पोचता येतं, पण हजचा परवाना मिळत नाही. परवाना नाही म्हणजे तंबूत जागा नाही, बस नाही, मेट्रोही नाही.

14 जून, शुक्रवार. मिना
18,33,164 नोंदणीकृत यात्रेकरूंचा हज सुरू होतो. त्यांत भारतातून आलेले सुमारे 1,75,000. मक्केजवळच्या मिनाच्या वातानुकूलित तंबूंत त्यांचा मुक्काम पडतो. 1997 च्या आगीत 343 जण गेल्यानंतर हे अग्निरोधक तंबू उभारले गेले. तेव्हा धोका ओळखून खर्च केला गेला होता.

सूचना पुन्हा पुन्हा दिल्या जातात. पाणी पीत राहा, छत्री वापरा, दुपारी बाहेर पडू नका. एहराममधल्या, म्हणजे यात्रेच्या वेशातल्या पुरुषाला टोपी किंवा फेटा घालता येत नाही. दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं आणि उघडं डोकं. छत्रीला मात्र मनाई नाही. ज्याला तंबू नाही, त्याच्यासाठी छत्री हेच छप्पर.

15 जून, शनिवार. पहाटे 5.38
सूर्योदय. मिनाहून अराफातच्या मैदानाकडे गर्दी निघते. अंतर सुमारे 14 किलोमीटर. परवानाधारक मेट्रोने किंवा बसने जातात, बाकीचे चालू लागतात. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले बरेच. आयुष्यभराची पुंजी जमवून हजला निघणाऱ्याचं वय सहसा उतरतंच असतं. सोबत मधुमेह असतो, रक्तदाबाच्या गोळ्या असतात. त्यांतल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी घटतं.

सकाळी 10 वाजता
अराफातच्या मैदानातली जबल-ए-रहमत ही सुमारे 70 मीटर उंचीची खडकाळ टेकडी माणसांनी पांढरी झालेली असते. वर सावली नाही. टेकडीवर चढणं हजसाठी आवश्यकही नाही. मैदानाच्या हद्दीत कुठेही, अगदी तंबूत थांबून केलेली दुआही चालते. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाला खाली थांबणं जड जातं.

दुपारी 12.21
सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. साडेपाच फुटी माणसाची सावली जेमतेम सहा सेंटिमीटर पडते. भिंतीला टेकून बसलं तरी ऊन चुकत नाही.

दुपार
पारा 46 अंशांवर जातो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाखेरीज मार्ग उरत नाही. घामाला पाणी लागतं. पाणी कमी पडलं की आधी डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. शरीराचं आतलं तापमान 40 च्या पुढे गेलं की माणूस असंबद्ध बोलू लागतो, त्याचा तोल जातो. याला उष्माघात म्हणतात. इथून पुढे मिनिटं मोजायची असतात. आधी माणसाला गार करायचं, मग हलवायचं. बर्फ असेल तर बर्फ, नसेल तर पाणी आणि वारा. जो भानावर नाही, त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

सायंकाळी 7.05
सूर्यास्त. सगळा जमाव मुझदलिफाकडे वळतो. सुमारे नऊ किलोमीटर. ज्यांच्याकडे बस नाही, त्यांची ही दिवसातली दुसरी पायपीट. रात्र उघड्या जमिनीवर काढायची. दुसऱ्या दिवशी मारायचे खडे इथेच वेचायचे.

16 जून, रविवार. सकाळ
जमरातवर, म्हणजे सैतानाचं प्रतीक मानलेल्या स्तंभावर, सात खडे मारायचे, कुर्बानी, मग मुंडण. पुरुष उघड्या, नुकत्याच भादरलेल्या डोक्याने उन्हात उतरतात. पुढे काबागृहाचा तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा. वृद्ध आणि आजारी माणसाचे खडे दुसऱ्याने मारले तरी चालतात. तवाफही नंतरच्या दिवसांत करता येतो. धर्माने सवलत ठेवलेली आहे. ती घ्यायची की नाही, हा निर्णय थकलेल्या माणसाने रस्त्यात उभ्याउभ्या घ्यायचा असतो.

16 जून, दिवसअखेर
त्या एका दिवसात उष्णतेने आजारी पडलेल्या 2,700 हून अधिक जणांची नोंद होते. जॉर्डन आपले 14 यात्रेकरू दगावल्याचं आणि 17 बेपत्ता असल्याचं कळवतं.

17 जून, सोमवार
मक्केच्या मशिदीत, मस्जिद-अल-हरामच्या आवारात, 51.8 अंशांची नोंद. भारतात आजवर नोंदलेलं सर्वाधिक तापमान 51.0 आहे, राजस्थानातल्या फलोदीचं, मे 2016 मधलं.

अजून दोन दिवसांचे विधी बाकी असतात.

18 जून, मंगळवार
मक्केच्या अल-मुऐसिम भागातल्या शवागारात किमान 550 मृतदेह असल्याच्या बातम्या येतात. त्यांतले 323 इजिप्तचे. घरचे लोक रुग्णालयांत आणि समाजमाध्यमांवर फोटो घेऊन शोध घेत राहतात.

21 आणि 22 जून
भारताचं परराष्ट्र मंत्रालय या हजमध्ये 98 भारतीयांचा मृत्यू झाल्याचं सांगतं. बहुतेक मृत्यू आजारपण आणि वार्धक्यामुळे, सहा जण अराफातच्या दिवशी, चार अपघातांत. बिनपरवाना यात्रेकरू पाठवणाऱ्या 16 पर्यटन कंपन्यांचे परवाने इजिप्त रद्द करतो. आपले यात्रेकरू दगावल्यावर ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष धार्मिक व्यवहार मंत्र्यांना पदावरून हटवतात.

23 जून, रविवार
सौदी आरोग्यमंत्री आकडा जाहीर करतात. मृत 1,301. त्यांपैकी 83 टक्के, म्हणजे सुमारे 1,080 जण, बिनपरवाना. पुरेशी सावली आणि विसावा न मिळता ते भर उन्हात लांबवर चालले होते. अनेकांजवळ ओळखपत्र नव्हतं, म्हणून ओळख पटायला दिवस गेले.

आरोग्य यंत्रणेने परवाना नसलेल्यांनाही 1,41,000 वेळा उपचार दिले. दवाखान्यापर्यंत पोचलेल्याला औषध मिळालं. आजारी पडण्याआधी लागणारी सावली, गाडी आणि गार खोली मात्र परवान्याच्या पलीकडे होती. 1985 च्या हजमध्येही उष्णतेने हजाराहून अधिक बळी घेतले होते. धोका जुना होता, उपाय माहीत होते आणि ते शेजारच्या तंबूत चालू होते.

2025 साली सावलीचं क्षेत्र 50,000 चौरस मीटरने वाढवलं गेलं. बिनपरवाना लोकांना रोखणारा पहाराही वाढला. चांद्र दिनदर्शिकेमुळे हज दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. 2026 पासून तो भर उन्हाळ्यातून बाहेर पडतो आणि 2050 च्या आसपास पुन्हा उन्हाळ्यात येतो. या 25 वर्षांत पहारा जितका वाढेल, तितकी सावलीही वाढली पाहिजे. नियम मोडणाऱ्याला दंड करता येतो, परत पाठवता येतं. पण जो मैदानात उतरला आहे, त्याला पाणी आणि सावली परवाना न विचारता मिळायला हवी.