मात्रा चालेना तो उंबरठा

माझी भाची ऑस्ट्रेलियात, मेलबर्नपासून दोन तासांवरच्या एका गावात घोड्यांची डॉक्टर आहे. शर्यतीचे घोडे रोज तिच्या हाताखालून जातात. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. "मामा, थ्रेशहोल्डला मराठीत काय म्हणायचं? आईला माझं काम सांगताना मी 'मर्यादा' म्हणाले, तर ती म्हणते, म्हणजे तेवढं औषध देऊन घोडा पळवायची परवानगी आहे होय?"

माझ्या बहिणीची शंका अगदी रास्त होती. वेगमर्यादा ताशी 60 म्हटलं की साठपर्यंत खुशाल जावं, असंच आपण समजतो. मर्यादा म्हणजे आतल्या मोकळीकीची कड. ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीच्या नियमांना अशी मोकळीक द्यायचीच नाही. घोडा औषधाच्या अमलाखाली धावता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण घोडा आजारी पडतो, लंगडतो, त्याचं पोट दुखतं. मग फेनिलब्यूटाझोन द्यावं लागतं (तिथल्या तबेल्यांत त्याला नुसतं 'ब्यूट' म्हणतात), कधी फ्लुनिक्झिन, कधी प्रतिजैविक. उपचार नाकारून जनावराला कळा सोसायला लावणं हा गुन्हाच. आणि दिलेलं औषध शरीरातून एकदम जात नाही. ते विरत जातं. आधी भराभर, मग रेंगाळत.

पूर्वी हा प्रश्न एवढा बोचत नव्हता, कारण यंत्रांनाच फारसं दिसत नव्हतं. आताच्या यंत्रांना एका मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश, सहज दिसतो. हे डोळ्यांपुढे आणायला मी दुष्काळी गावाचा हिशेब केला. दहा हजार लिटरचे शंभर टँकर ओळीने उभे करायचे आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मीठ टाकायचं. इतकं कमी. एवढ्याशा औषधाने घोडा अधिक पळत नाही आणि त्याचं दुखणंही झाकलं जात नाही. तरी 'सापडलं' म्हणून प्रशिक्षकाला दोषी धरायचं का? न धरावं, तर मग कुठून धरावं?

या 'कुठून'साठी 'उंबरठा' हा शब्द मला योग्य वाटतो. तो उंबराच्या झाडावरून आला. संस्कृतातल्या 'उदुंबर' या शब्दाला झाडाबरोबर दाराखालचं आडवं लाकूड हाही अर्थ होता. आपला 'उंबरा' आणि गुजरातीतला 'उंबरो' त्याच कुळातले. इंग्रजी शब्दाचा पहिला भाग तुडवण्याशी, मळणीशी नातं सांगतो; दुसऱ्या भागाचा उलगडा अभ्यासकांना अजून झालेला नाही. उंबरठ्याच्या अलीकडे वावरायची परवानगी आहे, असं कुणी म्हणत नाही. उंबरठा सांगतो की इथून पुढे दुसरी जागा सुरू होते. मर्यादा आणि उंबरठा यांतला हा फरक माझ्या बहिणीला दोन मिनिटांत पटला.

पण हा उंबरठा नेमका कुठे बसवायचा? भाचीने सांगितलेली रीत मला फार आवडली. फ्रान्समधल्या तुलूझचे पिएर-लुई तुतँ आणि त्यांच्या सहकारी लासुर्द यांनी ती 2002 साली मांडली. औषधाची दिवसाची नेहमीची मात्रा घ्यायची आणि घोड्याचं शरीर दिवसाला जेवढं रक्त त्या औषधापासून मोकळं करतं, त्याने तिला भागायचं. रक्तातली गुण देणारी पातळी हाती येते. मग तिला 500 ने भागायचं. हा आकडा 50 गुणिले 10 असा आला आहे. पन्नास यासाठी की औषधाचा असर उरू नये. दहा यासाठी की सगळे घोडे सारखे नसतात. लघवीतली पातळी काढायला आणखी एक गुणोत्तर लागतं. औषध पाहून हा 500 चा आकडा कमीजास्तही करता येतो. त्या दोघांनी या पातळीला दिलेल्या इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ 'गैरलागू' असा निघतो. भाची विचारत होती, यापेक्षा बरं काही आहे का?

आहे, आणि ते आपल्या रोजच्या तोंडातलं आहे. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' असं आपण म्हणतो. 'मा' म्हणजे मोजणे, त्यावरून मात्रा. आधी ती माप होती. अक्षरावरची मात्रा आणि छंदातली मात्रा म्हणजे उच्चाराचं मापच. वैद्यांच्या हाती ती औषधाचं माप झाली आणि पुढे औषधच झाली. जुन्या घरांत अखेरच्या घटकेला हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवत, तेव्हा मात्रा म्हणजे ती गोळीच असे. तिथून 'मात्रा चालणे' आणि 'मात्रा लागू पडणे' हे वाक्प्रचार आले. माप, औषध आणि औषधाचा गुण असे तीनही अर्थ या एका शब्दाने धरून ठेवले आहेत. तुतँनी गणिताने शोधलेली जागा म्हणजे औषध अंगात आहे, पण त्याची मात्रा चालत नाही, ती जागा. मी भाचीला हेच वाक्य दिलं. त्यात खुलासा करावा लागेल असा एकही शब्द नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. उपचाराच्या औषधांसाठी प्रयोगशाळेला छाननीची पातळी ठरवून दिलेली असते. तिच्या खाली सापडलं तर अहवालात येत नाही. नियमांत आकड्यासह छापलेले उंबरठे बहुतेक निराळ्या पदार्थांचे आहेत, जे चाऱ्यातून येतात किंवा घोड्याच्या अंगातच असतात. सॅलिसिलिक आम्ल लसूणघासातून येतं. त्याचा लघवीतला उंबरठा लिटरला 750 मिलिग्रॅम आहे. (त्याचं नाव सॅलिक्सवरून आलं. सॅलिक्स हे विलोच्या कुळाचं लॅटिन नाव. आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज त्याच कुळातला.) कोबाल्टचा उंबरठा आधी लिटरला 200 मायक्रोग्रॅम होता, तो 2016 मध्ये 100 वर आणला. बी-12 जीवनसत्त्वातच कोबाल्ट असल्यामुळे शून्य म्हणणं शक्यच नव्हतं.

या यादीत आर्सेनिक आहे, आणि त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबलो. लिटरला 0.3 मिलिग्रॅम. मेलबर्नच्या संग्रहालयात फार लॅप नावाच्या घोड्याचं कातडं पेंढा भरून उभं केलं आहे. भाचीने मला ते दाखवलं तेव्हा तांबूस अंगावरची लव अजून चमकत होती. त्याचं नाव थाई भाषेतल्या विजेच्या चमकेवरून आलं. 1930 ची मेलबर्न कप त्याने जिंकली आणि 1932 च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात तो तडफडून मेला. पुढे त्याच्या आयाळीच्या केसांत आर्सेनिक सापडलं. ते कुणी घातलं याचा वाद अजून मिटलेला नाही. त्या काळी घोड्यांच्या शक्तिवर्धक औषधांत सर्रास आर्सेनिक असे, एवढं मात्र खरं.

या आर्सेनिकचं नाव ग्रीकमधून आलं आणि ग्रीकमध्ये ते इराणी बोलींतल्या पिवळ्या, सोनेरी खनिजाच्या नावावरून आलं. तेच खनिज म्हणजे आपली हरताळ. पोथीत चूक झाली की लेखक तिच्यावर पिवळी हरताळ फासत असे आणि वर नवं अक्षर लिहीत असे. आज आपण कुणाच्या मेहनतीला हरताळ फासला म्हणतो, तेव्हा आपल्या तोंडी हेच विष असतं. फार लॅपच्या काचेपुढे हे मला आठवलं आणि मी भाचीशी बराच वेळ काही बोललो नाही.

एक शब्द मात्र मी तिला स्वतःहून सुचवला. औषध शरीरात किती काळ सापडतं याच्या चाचण्या मोजक्याच घोड्यांवर होतात. त्यातून निघालेला काळ म्हणजे सापडण्याचा काळ. शर्यतीआधी किती दिवस औषध थांबवायचं हे मात्र डॉक्टरने त्या घोड्याकडे बघून ठरवायचं. त्यात त्याचं वय, यकृत, मूत्रपिंड, मागची औषधं सगळं आलं. हा काळ सापडण्याच्या काळापेक्षा मोठाच ठेवावा लागतो. या दुसऱ्या काळाला मी 'पथ्यकाळ' म्हटलं. पथ्य शब्द पथावरून आला. वाटेला, प्रकृतीला धरून असलेलं ते पथ्य. हिरड्यालाही जुन्या वैद्यकात 'पथ्या' म्हणतात. पथ्य नेहमी माणूस बघून सांगतात, तक्त्यातून वाचून दाखवत नाहीत. भाची म्हणाली की दोन्ही काळ एकच समजल्यामुळे चांगले, प्रामाणिक प्रशिक्षकही अडचणीत आलेले तिने पाहिले आहेत.

तिथे आणखी एक नियम आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत, घोड्याला इंजेक्शन द्यायचं नाही. शर्यत शनिवारी असेल तर सुई गुरुवारीच थांबते. आम्ही दोघांनी मिळून त्याला 'कोरा दिवस' म्हटलं.

शनिवारी शर्यत संपली की घोड्याला नमुन्याच्या खोलीत नेतात. तिथे या कामाला अजून 'स्वॅब' म्हणतात, कारण पूर्वी तोंडातली लाळ पुसून घेत. आता रक्त आणि लघवी घेतात, पण नाव तेच राहिलं. घोडा लघवी करीपर्यंत माणूस दांड्याला लावलेलं भांडं धरून हलकेच शीळ घालत उभा असतो. भाचीने मागे एकदा त्या शिळेचा आवाज मला फोनवर पाठवला होता. आमच्या गावी पाणवठ्यावर बैल नेल्यावर गडी घालायचा ना, अगदी तशीच शीळ होती.