विमानातलं ट्रिम व्हील हाताने फिरत का नाही?

बोइंग 737 च्या कॉकपिटचा फोटो कधी नीट पाहिलाय? दोन पायलटांच्या मध्ये, थ्रॉटलच्या दोन्ही बाजूंना एकेक काळं चाक असतं, त्यावर पांढरा पट्टा. हेच ट्रिम व्हील. ते फिरवलं की केबलमार्फत शेपटीतला आट्यांचा लांब स्क्रू फिरतो आणि शेपटीचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, किंचित कलतो. त्यावर विमानाचं नाक वर राहणार की खाली, हे ठरतं. एरवी हे काम मोटर करते. मोटर बंद केली, तर चाकातलं हँडल उघडून हाताने फिरवायचं.

10 मार्च 2019 ला अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या 737 मॅक्समध्ये हीच वेळ आली. चुकीच्या सेन्सरमुळे एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर नाक खाली दाबत होतं. पायलटांनी मोटरचे स्विच बंद केले, पण चाक हाताने हलेना. शेवटी मोटर पुन्हा चालू झाली, आणि एमकॅसने पुन्हा नाक दाबलं. 157 जण गेले.

आधी मला वाटलं, घाबरून जोर कमी पडला असेल. तसं नाहीये.

एक कारण वेग. बाइकवर 40 वरून 80 वर गेलात की वारा दुप्पट नाही, चौपट जोराने अंगावर येतो. हे विमान तर 340 नॉटची, म्हणजे ताशी सुमारे 630 किलोमीटरची मर्यादा ओलांडून गेलं होतं.

दुसरं कारण जास्त विचित्र आहे. नाक सावरायला पायलट कंट्रोल कॉलम मागे ओढतात, त्याने एलिव्हेटर वर उचलला जातो. पण एलिव्हेटर स्टॅबिलायझरच्याच मागच्या कडेला जोडलेला असतो. हवा त्याला खाली दाबते, त्यामुळे स्टॅबिलायझरची पुढची कड वर रेटली जाते. नाक वर आणायचं तर तीच कड खाली यायला हवी! म्हणजे विमान वाचवायला जितकं ओढाल, तितकं चाक जड होणार.

जुन्या 737 च्या मॅन्युअलमध्ये यावर युक्ती होती: कॉलम थोडा सैल सोडा, भार उतरला की पटकन चाक फिरवा, परत ओढा. पण सैल सोडलं की नाक खाली जातं, त्यासाठी खाली भरपूर उंची हवी. इथे ती नव्हतीच.

आता एमकॅस दोन्ही सेन्सर ताडून बघतं. आणि चेकलिस्ट सांगते, वेग कमी करा, गरज पडली तर दोघांनी मिळून चाक फिरवा.