बोट कोणी दाखवले?

आपल्या निवडणुकीत उमेदवाराचे नाव, चिन्ह, मालमत्ता, त्याच्यावरचे खटले, सगळे जाहीर असते. झाकलेले असते ते फक्त मत. गेली जवळजवळ चाळीस वर्षे जगभर खेळला जाणारा एक बैठा खेळ याच्या नेमका उलटा आहे. त्यात उमेदवार झाकलेला असतो आणि मत उघड.

मी सध्या त्याच जातीचा एक खेळ तयार करतो आहे. वेढा पडलेला एक गड, गडावर नऊ जण, त्यांत दोन फितूर, आणि रोज संध्याकाळी मतदान. पाने झाली, चित्रे झाली. अडले ते एका नियमापाशी: मत बोट दाखवून द्यायचे की चिठ्ठी टाकून? उत्तरासाठी मी या खेळांचा इतिहास धुंडाळू लागलो, आणि दिसले ते असे की त्यातली निम्मी कारागिरी याच प्रश्नाभोवती खर्ची पडली आहे.

ओळख लपवण्याचा खेळ आपल्याला नवा नाही. इंदूरला आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी ‘राजा-मंत्री-चोर-सिपाही’ चाले. चार चिठ्ठ्या, चार भिडू. राजा आपणहून जाहीर होई, मंत्री पुढे येई, आणि उरलेल्या दोघांतला चोर कोण हे मंत्र्याने ओळखायचे. आमच्याकडे राजाला १०००, मंत्र्याला ८००, शिपायाला ५०० आणि चोराला शून्य गुण असत. मंत्र्याचा अंदाज चुकला की त्याचे गुण चोराला. नावे प्रांतागणिक बदलतात, पण गाभा तोच. या खेळात सत्तेची उतरंड आहे, संशय आहे, चेहरा कोरा ठेवण्याची कला आहे. नाही ते मतदान. निकाल एकटा मंत्री देतो आणि चुकीची किंमतही तोच मोजतो.

निकाल सगळ्यांच्या हाती देणारा खेळ मॉस्कोत जन्मला. मॉस्को राज्य विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदॉफने १९८६-८७च्या सुमारास ‘माफिया’ रचला. त्याला उभा करायचा होता एक विशिष्ट सामना: एका बाजूला सगळे ठाऊक असलेले मोजके लोक, दुसऱ्या बाजूला काहीच ठाऊक नसलेला मोठा समुदाय. माफिया एकमेकांना ओळखतात. गावकरी फक्त स्वतःला. रात्र झाली की सगळे डोळे मिटतात, माफिया डोळे उघडून एका गावकऱ्याला निवडतात, तो बाद. दिवस उजाडला की सगळे मिळून वाद घालतात आणि बहुमताने एकाला संपवतात. माफिया आणि गावकरी संख्येने बरोबरीला आले की गाव हरले. सामान म्हणून काही लागत नाही. त्यामुळे वर्गांतून, वसतिगृहांतून तो तोंडोतोंडी पसरला आणि नव्वदच्या दशकात युरोप-अमेरिकेत पोचला. ज्या देशात हा खेळ रचला गेला तिथे तेव्हा मतपत्रिकेवर बहुधा एकच नाव असे. एकाहून अधिक उमेदवार असलेली पहिली देशव्यापी निवडणूक १९८९ साली झाली. यातून मी कार्यकारण काढत नाही. पण वसतिगृहाच्या खोलीत भांडून, मोजून, उघडपणे मत देण्याची हौस त्या पिढीला का वाटली असेल, याचा विचार मनात येतोच.

आता हिशेब पाहू. नऊ जणांच्या माझ्या गडावर एकच फितूर आहे, खेळ दिवसापासून सुरू होतो, आणि लोक डोके न चालवता रोज चिठ्ठी उडवून कुणालातरी बाद करतात असे धरा. कागदावर मांडले तर गड वाचण्याची शक्यता ३१५ पैकी १८७ येते, म्हणजे शेकडा ५९. फितूर एकाचे दोन केले की तीच शक्यता ३१५ पैकी ९४ वर, म्हणजे शेकडा ३० वर घसरते. नवांतले दोघे म्हणजे पाव हिस्साही नाही, आणि तरी पारडे त्यांच्याकडे झुकते. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्चनन मोसेल या गणितज्ञांनी २००८ साली याचे सर्वसाधारण रूप प्रसिद्ध केले. गावात खबर काढणारा कुणीच नसेल तर सामना बरोबरीचा राहण्यासाठी माफियांची संख्या एकूण लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या पटीतच असावी लागते. दहा हजारांच्या गावाला शंभरेक माणसे जेरीस आणू शकतात, अशा प्रमाणातली ही गोष्ट आहे. पण रोज रात्री एकाची खरी ओळख तपासणारा एक गुप्तहेर जरी गावाकडे असला तरी चित्र पालटते. मग माफियांना लोकसंख्येचा ठरावीक हिस्साच व्यापावा लागतो.

म्हणजे बहुमत हातात असणे पुरेसे नाही. हाताशी माहिती हवी. आणि गुप्तहेर नसेल तेव्हा गावाकडे माहितीचा एकच झरा उरतो, तो म्हणजे कालचे मतदान. काल निरपराध माणूस बाद झाला हे आज कळले की प्रश्न विचारता येतो: त्याच्याकडे पहिले बोट कुणी दाखवले? शेवटच्या क्षणी कोण सामील झाले? कोण दोनदा वाचले आणि कुणाच्या मतामुळे? या खेळात मत हा निवाडा कमी आणि साक्ष जास्त असते. म्हणून ते उघड असावे लागते. बंगळूरुला आम्ही काही जण चाचणीसाठी जमतो. कन्नड, तमिळ, बंगाली, मराठी अशी मिसळ असते. एका संध्याकाळी मुद्दाम चिठ्ठ्यांनी मतदान घेतले. तिसऱ्या दिवसापर्यंत बोलणेच आटले. कुणाला जाब विचारावा असे कुणाच्या हाती काही नव्हतेच.

चिठ्ठीच्या या दुबळेपणाचा एक जुना पुरावा अथेन्समध्ये आहे. तिथे इ. स. पू. पाचव्या शतकात वर्षातून एकदा, लोकांनी ठरवले तर, एका नागरिकाला दहा वर्षांसाठी हद्दपार करता येई. नाव खापरीवर कोरायचे. किमान ६००० खापऱ्या लागत. खटला नाही, आरोपपत्र नाही, बचावाचे भाषण नाही. सालामिसच्या आरमारी लढाईत शहर वाचवणारा थेमिस्टोक्लीझही असाच गेला. १९३७ साली अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत त्याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. अक्षरे तपासली तेव्हा ती फक्त चौदा हातांची निघाली. कुणीतरी आधीच नावे कोरून, वाटायला तयार ठेवली होती असाच त्याचा अर्थ लावला जातो. संघटित मोजकी माणसे आणि विस्कळीत समुदाय हा दाविदॉफचा सामना अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या विहिरीत पडलेला होता. फरक इतकाच की खापरीवर बळीचे नाव असे, देणाऱ्याचे नसे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुणाला काही विचारायची सोय नव्हती.

मग निवडणुकीत आपण मत झाकतो ते चूक म्हणायचे का? नाही. तिथे धोका वेगळ्या दिशेने येतो. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदार सगळ्यांसमोर उमेदवाराचे नाव सांगत असे आणि त्याचा जमीनदार, त्याचा मालक ते ऐकत असे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८५६ साली सरकारी मतपत्रिकेवरच्या गुप्त मतदानाची वाट पाडली, ती याच दडपणावरचा उपाय म्हणून. आपल्या १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आडोशाला ठेवलेली असे. मतदाराने आत जाऊन आपल्या पेटीत कागद टाकायचा, बाहेर कुणाला काही कळायचे नाही. दुबळ्याला बलवानापासून वाचवायचे असेल तर मत झाका.

पण भीती घरभेद्याची असेल तेव्हा आपणही पडदा बाजूला करतो. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार पक्षाच्या उमेदवाराला सोडून भलत्याला मत देतात, पैसे फिरतात, अशी ओरड होती. २००३ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून पक्षाच्या आमदाराला भरलेली मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. सामान्य मतदाराचे मत त्याचे स्वतःचे; आमदाराचे मत त्याला निवडून देणाऱ्यांच्या वतीने दिलेले, म्हणून त्याचा हिशेब मागता येतो. एकाच देशात, एकाच कायद्यात, दोन्ही नियम शेजारी नांदतात. भेद आहे तो कोण कुणाला घाबरून आहे याचा.

हीच गोष्ट खेळात बसवली ती डॉन एस्क्रिज याने, ‘द रेझिस्टन्स’ या २००९-१०च्या सुमाराच्या खेळात. पाच ते दहा भिडू. त्यांत काही हेर. मोहिमेवर कुणी जायचे याची यादी नायक सुचवतो आणि तिच्यावर सगळे उघड मत देतात. मग निवडलेले लोक एकेक पान पालथे टाकतात: यश किंवा घात. पाने मिसळून उघडली जातात. घात झाला हे कळते, कुणी केला हे कळत नाही. एक मत उघड, एक झाकलेले. पहिल्याच्या आधाराने दुसऱ्याचा माग काढायचा. शिवाय या खेळात कुणी बाद होत नाही. ‘माफिया’त पहिल्या रात्री गेलेला गडी तासभर भिंतीला टेकून बसतो, हे जुने दुखणे त्याने मुळातच काढले. २०१८ साली आलेल्या आणि २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोचलेल्या ‘अमंग अस’ या संगणकीय खेळाने दुसरा मार्ग धरला: बाद झालेला भूत होऊन कामे करत राहतो. त्यात मते निनावी ठेवण्याचाही पर्याय आहे. तो निवडला की कुणी कुणावर मत टाकले हे दिसत नाही आणि मागोवा घेण्याचे काम लगेच अवघड होते.

नियमांइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे गोष्ट. १९९७ साली अमेरिकेतल्या अँड्र्यू प्लॉटकिनने माफियाची जागा लांडग्यांना दिली. दिवसा माणूस, रात्री लांडगा. नियम बहुतेक तेच राहिले, पण दिवस-रात्रीला अर्थ आला आणि खेळ त्याच रूपात आणखी दूर गेला. चाचणीला येणाऱ्यांपैकी एकाने मला सुचवले, भारतीय रूप हवे तर चेटकीण घे. गाव, रात्र, कुजबुज सगळे तयार आहे. सूचना बिनतोड होती आणि म्हणूनच मी ती नाकारली. बिहारने १९९९ साली डायन-प्रथेविरुद्ध कायदा केला, पुढे झारखंडने तो स्वीकारला. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही एखाद्याला चेटूक करणारा ठरवणे हा गुन्हा आहे. हे कायदे लागले, कारण गावे खरोखरच बायकांकडे बोट दाखवत होती. आणि खेळात एक गोष्ट गृहीत असते: आपल्यात कुणीतरी दोषी आहेच. लांडगा असतोच, पानावर छापलेला असतो. गावात चेटकीण नसते. तिथे प्रत्येक मत चुकीचेच पडते, आणि ते चुकले हे दाखवणारे पान दुसऱ्या दिवशी उलटे होत नाही.

गडावर फितूर मात्र असू शकतो. दरवाजा आतून उघडल्याच्या गोष्टी आपल्या इतिहासाला परक्या नाहीत. म्हणून गोष्ट तीच ठेवली आणि नियम असा ठरवला. मत बोट दाखवूनच द्यायचे, सगळ्यांनी एकाच वेळी, म्हणजे दुसऱ्याचे पाहून हात वळवता येणार नाही. प्रत्येक मत गडाच्या दफ्तरात लिहायचे: कोणत्या संध्याकाळी, कुणी, कुणाकडे. ज्याला बाद केले त्याचे पान लगेच उलटायचे. आणि तो निरपराध निघाला तर दफ्तर त्याच्याच हाती जाते. उरलेल्या खेळात त्याला मत नाही, बोलणे नाही. पण रोज संध्याकाळी मतदानाआधी, मागच्या संध्याकाळी कुणाचे बोट कुणाकडे होते ते तो मोठ्याने वाचून दाखवतो. एवढे एकच काम त्याला आहे. ते ऐकल्याशिवाय गडाला पुढचे मत देता येत नाही.